तारीख कुठे लिहिली आहे? खानदेशातल्या संग्रहांचे पाच दिवस

चाळीसगाव, धुळे, अमळनेर, जळगाव. नकाशावर ही चार गावं एका दिवसात गाडीने पालथी घालता येतील इतकी जवळ आहेत, आणि घाई नडते ती इथेच. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात अर्धा तास आणि समर्थ वाग्देवता मंदिरात पंधरा मिनिटं घालवून लोक बाहेर पडतात आणि म्हणतात, "जुनी कागदपत्रं आहेत बरीच." बरीच आहेत हे खरंच. पण कागद बोलायला लागतो तो त्याच्यावरची तारीख वाचता आल्यावर. म्हणून हा पाच दिवसांचा प्रवास एकच प्रश्न धरून आखला आहे : समोरच्या वस्तूवर काळ कुठे आणि कसा नोंदवला आहे?

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हा हंगाम धरावा. मे महिन्यात पारा ४४–४५ अंशांवर जातो. जुन्या इमारतींत त्या उन्हात डोकं चालत नाही आणि ठिसूळ झालेला कागद हाताळायलाही तो काळ बरा नाही. सुरुवात मंगळवारी करावी, म्हणजे धुळ्याचे दोन्ही दिवस कामाचे मिळतात आणि पुष्कळ संग्रहालयांची सोमवारची सुट्टी आड येत नाही. वेळा बदलत असतात, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक ठिकाणी फोन करावाच.

धुळ्याला आठ-दहा दिवस आधी पत्र पाठवावं. पत्रात "मोडी कागद पाहायचे आहेत" एवढंच लिहिलं तर समोरच्या माणसाला काही काढून देता येत नाही. "अमुक परगण्यातले, अमुक सालापासून अमुक सालापर्यंतचे, वतनासंबंधीचे कागद" असं लिहिलं तर रुमाल (कागदांचे बांधलेले गठ्ठे) शोधायला त्याला दिशा मिळते. पिशवीत ओळखपत्राची प्रत, दोन पेन्सिली, कोरी वही, दहापट मोठं दाखवणारं भिंग (नाणी गोळा करणारे वापरतात ते), छोटी पट्टी, मोडी बाराखडीचा कागद आणि पुढे दिलेली सालांची कोष्टकं असावीत. शाईचं पेन खोलीवर ठेवावं. हस्तलिखितावर पडलेला बॉलपेनचा एक ठिपका कायमचा असतो.

पहिला दिवस : चाळीसगाव आणि पाटण

मुंबई–भुसावळ मार्गावर चाळीसगावला उतरावं. स्टेशनजवळच केकी मूस यांचं घर आहे, आता कलादालन. कैखुश्रू माणेकजी मूस यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईचा, मृत्यू ३१ डिसेंबर १९८९ रोजी इथलाच. इंग्लंडमध्ये शिकून आलेला हा माणूस या घरात राहिला आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं घराबाहेर क्वचितच पडला. ते कुणाची तरी वाट पाहत होते अशी गोष्ट इथे हमखास ऐकायला मिळते. ती ऐकावी, पण तिच्यामुळे भिंतीवरची चित्रं पाहायची राहून जातात. आधी चित्रं पाहावीत.

मूस यांची ख्याती टेबलटॉप छायाचित्रणाची. आख्खा देखावा टेबलावर रचायचा आणि तो खरा वाटेल असा टिपायचा, हे ते तंत्र. या प्रकारात बर्फासाठी मीठ किंवा पीठ, पाण्यासाठी आरसा किंवा काच, झाडासाठी काटकी, धुक्यासाठी पातळ कापड किंवा धूर अशी सामग्री वापरतात. अडचण येते ती भिंगाची. कॅमेरा वस्तूच्या इतका जवळ आला की थोडाच पट्टा स्पष्ट दिसतो, पुढचं-मागचं पुसट होतं, आणि पुसट झालं की डोळा लगेच ओळखतो की हे छोटं आहे. म्हणून छिद्र अगदी बारीक करावं लागतं. छिद्र बारीक म्हणजे उजेड कमी, उजेड कमी म्हणून उघडझाप काही सेकंदांची, आणि तेवढ्या वेळात एक काटकी हलली तरी निगेटिव्हची काच वाया. दुसरी अडचण सावलीची. आकाशात सूर्य एकच असतो. दोन दिवे लावले तर झाडाला दोन सावल्या पडतात आणि सोंग उघडं पडतं. एखाद्या देखाव्यासमोर उभं राहून आधी सावल्यांची दिशा पाहावी, मग जमिनीचा कण पाहावा. खऱ्या बर्फाला कण दिसत नाही, मिठाला दिसतो. हा कण त्यांनी कुठे आणि कसा लपवला आहे ते शोधण्यात तास कसा जातो कळत नाही.

छायाचित्रावर तारीख क्वचित असते. असलीच तर पाठीवर. प्रदर्शनांना आणि स्पर्धांना जाऊन आलेल्या छायाचित्राच्या मागच्या पुठ्ठ्यावर आयोजकांच्या चिठ्ठ्या आणि शिक्के असतात, त्यांवरून साल काढता येतं. फ्रेम उघडायला सांगू नये. एखाद्या चित्राच्या पाठीची नोंद ठेवली आहे का, एवढंच विचारावं. फ्लॅश मारू नये. काचेतली चकाकी टाळायची असेल तर सरळ समोर न उभं राहता थोडं तिरकं उभं राहावं. चांदीच्या क्षारांवर छापलेल्या जुन्या फोटोच्या कागदावर कडेला निळसर आरशासारखी झाक आली असेल तर तो मुळातला परिणाम नव्हे. दमट हवेमुळे चांदी वर आली आहे. पिवळे डाग असतील तर धुताना हायपो (चित्र पक्कं करणारं रसायन) नीट निघाला नव्हता असं समजावं.

जेवणानंतर पाटणादेवी. गाव चाळीसगावपासून १८ किलोमीटर, गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या कुशीत. रिक्षा परतीच्या भाड्यासकट ठरवून घ्यावी, कारण दुपारी तिथून रिकामी गाडी मिळणं कठीण. मागे सातमाळा डोंगररांगेची भिंत, समोर डोंगरी नदी, आणि चंडिकेच्या देवळात नवरात्र आणि चैत्र सोडून एरवी शांतता.

या गावच्या शिलालेखासाठी इथे यायचं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांचे ग्रंथ, मुख्यतः 'सिद्धान्तशिरोमणि', शिकवले जावेत म्हणून इथे मठ स्थापला. निकुंभ वंशातल्या सोइदेवाने त्याला जमीन आणि उत्पन्न दिलं. लेखात शके ११२८ आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १२०६ किंवा लगतचं साल. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे ही देणगी त्यांच्या जन्मानंतर ९२ वर्षांनी. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख वाचून जगापुढे आणला. खानदेशातल्या पहिल्या विद्यापीठाचा अर्थसंकल्प म्हणून तो वाचावा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे, पण पैशाची गोष्ट आली की भाषा बदलते आणि मराठी सुरू होते : "इयां पाटणीं जें केणें उघटे…" केणें म्हणजे विक्रीचा माल. या पाटणात जो माल विकायला उघडला जाईल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला आहे. पुढे आहे की गावात जितके घाणे आहेत तितक्यांकडून पळी-पळी तेल घ्यावं. रात्री ग्रहगणित शिकायचं तर दिवा लागतो, आणि दिव्याला तेल. त्याही पुढे : जे मोजायचं ते मठाच्या मापाने मोजावं, आणि मापाची पट्टी (मोजणीवरचा कर) अर्धी मठाला, अर्धी मापाऱ्याला. देणगी बोलण्यात चुकू नये म्हणून ती व्यवहाराच्या भाषेत लिहिली, व्यापाऱ्याला आणि तेल्याला कळेल अशी. लेखातला 'दीन्हला' हा शब्द अहिराणी बोलणाऱ्याच्या कानाला परका वाटत नाही.

शिलालेख कुठेही दिसला तरी त्यावर खडू, हळद किंवा पीठ चोळू नये. अक्षरं क्षणभर उठून दिसतात, पण भुकटी खाचांत बसते आणि दगडाची साल निघायला मदत करते. टॉर्च दगडाच्या अगदी कडेने, जवळजवळ समांतर धरला की खाचांत सावली पडते आणि अक्षर आपोआप उठतं. फोटोही तसाच घ्यावा, चारही बाजूंनी उजेड देऊन चार.

याच पाटणे परिसरात पुरातत्त्वज्ञ साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा नक्षी कोरलेला तुकडा निघाला, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. त्या काळी इथे शहामृग हिंडत होते. तो तुकडा इथे पाहायला मिळत नाही. पितळखोऱ्याचंही तसंच आहे. पलीकडच्या डोंगरातल्या त्या लेण्यांतला प्रसिद्ध यक्ष दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर तो कण्हदास नावाच्या सोनाराने घडवल्याचं कोरलेलं आहे. सोनाराने दगड कोरला, आणि नाव घातलं. पितळखोरा याच दिवसात उरकू पाहू नये. पायऱ्यांची चढउतार आहे, त्याला स्वतंत्र सकाळ हवी.

दुसरा दिवस : धुळे, राजवाडे संशोधन मंडळ

चाळीसगाव–धुळे हा जुना रेल्वेफाटा आहे, सुमारे ५५ किलोमीटरचा. गाडीची वेळ जुळली नाही तर एसटी आहेच. १८१८ नंतर इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला जिल्ह्याचं ठाणं केलं आणि पेठ आखली. ओळीने पहिली गल्ली, दुसरी गल्ली अशी आकड्यांची नावं आजही चालतात, त्यामुळे पत्ता विचारायला सोपं.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. लगेच पुढच्या महिन्यात, ९ जानेवारी १९२७ रोजी, त्यांच्या नावाचं मंडळ इथे उभं राहिलं. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड त्यांच्या नावावर आहेत, पहिला १८९८ चा. त्यांनी गावोगाव फिरून, वाड्यांच्या माळ्यांवरून, वाण्यांच्या दुकानांतून, कधी पुड्या बांधायला निघालेले कागद वाचवले. त्यांचा अपुरा राहिलेला मराठी धातुकोश मंडळानेच नंतर छापला. मूर्ती, ताम्रपट, नाणी, चित्रं, पोथ्या आणि मोडी कागद असा संग्रह आहे. आधी मूर्ती आणि ताम्रपट पाहून घ्यावेत, कारण एकदा कागदापाशी बसलं की उठवत नाही.

ताम्रपटात पहिलं पाहायचं ते कडांकडे. पत्र्याच्या कडा ठोकून किंचित वर उचललेल्या असतात, म्हणजे पत्रे एकमेकांवर ठेवले तरी अक्षरं घासत नाहीत. कडीत ओवलेल्या संचात पहिल्या पत्र्याची बाहेरची बाजू आणि शेवटच्याची बाहेरची बाजू बहुधा कोरी सोडलेली असते, कारणही तेच. कडीचा सांधा मुद्रेखाली दडवलेला असतो. कडी कापलेली दिसली तर ती बहुधा ठसा घेण्यासाठी कापली गेली असं समजावं.

आता रुमाल. रुमाल म्हणजे कापडाचा चौकोन. त्यात कागदांचा गठ्ठा बांधतात, आणि त्या गठ्ठ्यालाही रुमालच म्हणतात. टेबल मोकळं आणि कोरडं असावं. गाठ सोडताना वरचा कागद कोणता होता हे वहीत टिपावं आणि कागद उलटत जाताना क्रम मोडू नये. गठ्ठ्यात कागद ज्या क्रमाने आहेत तो क्रमही पुरावा असतो, बांधणाऱ्याने एका प्रकरणाचे कागद एकत्र ठेवलेले असतात. बोटाला थुंकी लावून पान उलटणं ही सगळ्यात वाईट सवय. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. सुती हातमोजे घातले तर बोटाला कडेचा अंदाज येत नाही आणि कड फाटते, म्हणून कागदासाठी स्वच्छ उघडे हातच बरे. कसरीने खाल्लेला कागद दोन्ही तळव्यांवर तोलून उचलावा. घडी उलट्या बाजूने दुमडू नये.

शाईवरूनही काळाचा अंदाज येतो. काजळीची देशी शाई काळीभोर राहते, उजेडाने विटत नाही, पण पाणी लागलं की पसरते. इंग्रजी अमदानीतली लोहयुक्त शाई वेळेनुसार तपकिरी होते आणि कागद खाते. अक्षराच्या जागी जाळी पडलेली दिसली तर ती कसर नाही, शाई आहे.

मोडी वाचायला शिकणाऱ्याने ओळीवर नजर ठेवावी. लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ मारतो आणि मग तिला अक्षरं लटकवत जातो, बोरू शक्यतो न उचलता. शब्द तोडलेले नसतात. ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही. इकार बहुधा दीर्घ, उकार बहुधा ह्रस्व. म्हणून "कुठे शब्द संपला" हे अर्थाने ठरवावं लागतं, आणि नवशिका तिथेच अडतो. सुरुवात मायन्यापासून न करता तारखेपासून करावी, कारण तारखेचे शब्द ठराविक असतात आणि त्यांवरून त्या लेखकाच्या अक्षराचं वळण हाताला लागतं.

तारीख अशी दिसते : "छ", मग आकडा, मग मुसलमानी महिना, रजब, साबान, सवाल वगैरे. छ म्हणजे चंद्र, त्या महिन्यातला तो चंद्र. मग सन, अरबी शब्दांत : "सन इहिदे सितैन मया व अलफ". एककापासून वाचायचं : इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. झाले ११६१. ही सुहूर सनाची, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत चालणाऱ्या वर्षाची गणना. इथे सोबत नेलेलं कोष्टक उपयोगी पडतं. एकं : इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सित, सबा, समान, तिसा. दहम : अशर, अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. शेकडा : मया, मयातैन.

सुहूर वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतं. जून ते डिसेंबरच्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मृगापर्यंतच्या कागदाला ६००. पानिपत १४ जानेवारी १७६१ ला झालं. शके १६८२, आणि सुहूर ११६१ : ११६१ अधिक ६०० बरोबर १७६१. सरसकट ५९९ मिळवणारा हा कागद १७६० चा ठरवतो आणि लढाईच्या आधी नेऊन ठेवतो. आम्ही पाहिलेल्या हौशी याद्यांत सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच. दुसरी चूक महिन्याची. वर्ष सौर आहे, पण महिना आणि दिवस चांद्र. चांद्र महिने दरसाल सुमारे ११ दिवस मागे सरकतात, म्हणून "रजब म्हणजे अमुक इंग्रजी महिना" असं पाठ करता येत नाही. त्या वर्षाची जंत्री (जुन्या तारखा इंग्रजी तारखांशी जुळवून देणारं कोष्टक) उघडावीच लागते. फसली सन (महसुलाचं वर्ष) असेल तर ५९० किंवा ५९१ मिळवायचे.

मग पत्राच्या डोक्यावर किंवा पाठीवर पाहावं. "पै॥" असं बारीक अक्षरात आणखी एक तारीख असते. पैवस्ती, म्हणजे पत्र पोचल्याची नोंद, ते घेणाऱ्या कारकुनाच्या हातची. लिहिल्याची तारीख आणि पैवस्तीची तारीख यांत किती दिवस गेले ते काढलं की त्या काळच्या जासुदाच्या पायांचा वेग समोर येतो. पावसाळ्यात तापी-पांझरा भरलेल्या असताना हाच फरक कसा वाढतो ते दोन कागद शेजारी ठेवून पाहावं. शेवटी "बहुत काय लिहिणे", "लेखनसीमा", आणि मोर्तब. मोर्तबापुढे मजकूर वाढवता येऊ नये यासाठीच तो शिक्का.

हिशेबाचा कागद हाती आला तर उभ्या रेघा मोजाव्यात : एक रेघ पाव म्हणजे चार आणे, दोन अर्धा, तीन पाऊण. पूर्णविरामाचे दंड समजून त्या सोडून दिल्या की बेरीज जमत नाही.

दिवसभरात तीन कागद नीट झाले तरी खूप झाले. संध्याकाळी शेवभाजी आणि कळण्याची भाकरी : ज्वारीत उडीद दळून केलेली, काळसर, थापायला अवघड आणि पोटाला दमदार.

तिसरा दिवस : धुळे, समर्थ वाग्देवता मंदिर

शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि रामदासी मठांतून हस्तलिखितं गोळा करण्यात आयुष्य घातलं. तो सगळा ठेवा इथे आहे. 'मंदिर' हा शब्द इथे अक्षरशः घेतला जातो, तेव्हा चपला बाहेर आणि आवाज खाली. समर्थांच्या हातची म्हणून जपलेली वाल्मीकि रामायणाची पोथी हा इथला सर्वांत मोठा मान. पाहायला मिळाली तर ओळींची समानता पाहावी, समासाच्या दोन्ही रेघांत अक्षर कसं बसवलं आहे ते पाहावं, आणि हात मागे ठेवावेत.

पोथी आणि बाड यांतला फरक इथे डोळ्यांनी कळतो. पोथीची पानं सुटी, आडवी, लाकडी फळ्यांत दाबून कापडात बांधलेली. बाड म्हणजे शिवलेली वही, मठात रोज हाताळायची, म्हणून तिच्यात अभंग, सवाया, आरत्या, औषधं, उसनवारी सगळं एकात एक. पोथी ग्रंथ सांगते. बाड माणूस दाखवतं. दोन्हींपैकी एकच मागवायचं असेल तर बाड मागवावं.

पोथीत मजकुरावर पिवळा लेप दिसतो तो हरताळ. चूक झाली की लेखक हरताळ फासून वर दुरुस्ती लिहीत असे, "हरताळ फासणे" हा वाक्प्रचार इथूनच आला. हरताळात सोमल, म्हणजे आर्सेनिक हे विष असतं. त्या जागी बोट फिरवू नये आणि काम संपल्यावर जेवणाआधी हात धुवावेत. लाल अक्षरं आणि समासाच्या रेघा हिंगुळाच्या.

काळ शोधायला पोथी शेवटच्या पानापासून उघडावी. तिथे पुष्पिका असते : शके, संवत्सर, महिना, तिथी, वार, गाव, लिहिणाऱ्याचं नाव, कधी कुणासाठी लिहिली तेही. बरेचदा त्याआधी "यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया" हा श्लोक येतो : जसं पुस्तक पाहिलं तसं लिहिलं, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नये. पण हा श्लोकही नकलेतून नकलेत उतरतो, आणि शकाचा आकडाही. मूळ पोथीचा शक नकलाकाराने जसाच्या तसा उतरवला तर १८०० सालची प्रत १६५० ची वाटते.

ताडून पाहायची युक्ती सोपी आहे. शकात १२ मिळवावे आणि ६० ने भागावं. उरलेल्या बाकीइतकं, साठ संवत्सरांतल्या पहिल्या प्रभवापासून मोजलं की संवत्सर येतो. शके १५९६ घ्या : १६०८ ला ६० ने भागून बाकी ४८, अठ्ठेचाळीसावा आनंद. शिवराज्याभिषेकाचा संवत्सर आनंदच. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. पुष्पिकेतला शक आणि संवत्सर जुळले नाहीत तर आकडा वाचण्यात चूक, नाहीतर उतरवणाऱ्याची. मग वार आणि तिथी जंत्रीत पाहून कोणतं साल चारही गोष्टींना बसतं ते शोधावं. शकावरून इसवी सन काढताना पौष ते फाल्गुनातल्या पोथ्यांना बहुधा ७९ मिळवावे लागतात हेही ध्यानात ठेवावं. आणि सगळं जुळलं तरी कागद आणि अक्षराचं वळण त्या काळाचं वाटतं का, हे तिथल्या जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय वहीत साल पक्कं लिहू नये.

दुपारी वेळ उरला तर गावाच्या दक्षिणेला महामार्गावर लळिंगचा किल्ला. खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या काळातला. चढ तासाभराचा आहे आणि पाणी सोबत न्यावं.

चौथा दिवस : अमळनेर

धुळ्याहून रस्त्याने तासभर. इथलं तत्त्वज्ञान मंदिर श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ मध्ये स्थापलं. तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य काही काळ इथे संचालक होते, घनशामदास मलकानींनी इथून तत्त्वज्ञानाचं इंग्रजी त्रैमासिक चालवलं, आणि टी. आर. व्ही. मूर्तींसारखे पुढे नावारूपाला आलेले अभ्यासक इथे राहून शिकले. सूतगिरणीच्या गावात एका गिरणीमालकाने वेदान्ताच्या अभ्यासकांना राहायला खोल्या आणि महिन्याचं वेतन दिलं. पाटणच्या पळीभर तेलाची आठवण होते. आता हे प्रताप तत्त्वज्ञान केंद्र आहे. पाहायला फार नाही, वाचायला आहे. जुन्या अंकांच्या फाइली मागाव्यात, आणि लेखांपेक्षा आधी मुखपृष्ठाच्या आतलं पान, वर्गणी आणि संपादकांची नावं पाहावीत.

साने गुरुजी इथेच तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि मग प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने दैनिक लिहीत. रोजचं, म्हणजे रोजची तारीख आली.  बोरीच्या पात्रातली सखाराम महाराजांची समाधी संध्याकाळी पाहावी आणि ताप्ती मार्गाच्या गाडीने जळगाव गाठावं.

पाचवा दिवस : जळगाव

सकाळ जैन हिल्सवरच्या गांधी तीर्थासाठी. २५ मार्च २०१२ रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते ते खुलं झालं. 'खोज गांधीजी की' हे संग्रहालय जवळजवळ तीस दालनांचं आहे आणि कानाला लावायच्या यंत्रावर मराठी निवेदन घेता येतं. अडीच तास हाताशी ठेवावेत. निवेदन आपल्याला पुढे ढकलत राहतं, म्हणून एखाद्या पत्रासमोर थांबायचं असेल तर यंत्र थांबवावं. अभ्यासाला आलेल्यांनी अभिलेखागाराची परवानगी आधी घ्यावी. फैजपूर इथून जवळ आहे. १९३६ च्या डिसेंबरात खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन तिथलं, नेहरू अध्यक्ष, आणि नंदलाल बोस यांनी बांबू, चटया अशा साध्या सामानातून उभी केलेली सजावट. त्या अधिवेशनाचे फोटो पाहताना माणसांपेक्षा कमानी पाहाव्यात.

गावाबाहेर बांभोरीच्या टेकडीवर, गिरणेच्या काठी विद्यापीठ आहे. १५ ऑगस्ट १९९० ला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून सुरू झालं, २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत. ग्रंथालयात अहिराणी आणि लेवा गणबोलीवरचे प्रबंध पाहावेत. या दोन बोली एकच समजण्याची चूक बाहेरचे हमखास करतात. अहिराणीचा मुलूख धुळे, नंदुरबार, चाळीसगाव, अमळनेरकडचा, लेवा बोली जळगाव, भुसावळ, यावल, रावेरकडची. बहिणाबाईंच्या ओव्या दुसरीतल्या.

शेवटी जुन्या जळगावातला बहिणाबाईंचा चौधरी वाडा. गल्ल्या अरुंद आहेत, रिक्षा अलीकडेच सोडावी. बहिणाबाईंचा जन्म २४ ऑगस्ट १८८० चा, आसोद्याचा. मृत्यू ३ डिसेंबर १९५१ चा. चार दिवस कागदावरची तारीख शोधत आल्यावर या घरात हात रिकामे पडतात, कारण त्यांना लिहिता येत नव्हतं. गाणी तोंडी होती. मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ऐकून उतरून घेतली तेवढीच राहिली, आणि पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर निघालं. कोणती ओवी कोणत्या साली सुचली हे सांगणारी पुष्पिका नाही, पैवस्ती नाही. आहेत त्या रोजच्या वापराच्या वस्तू.

म्हणून जात्यापाशी बसावं, अक्षरशः मांडी घालून. खालची तळी स्थिर, वरची फिरती. वरच्या तळीच्या तोंडात लाकडी माकडी, ती खालच्या खुंटीवर टेकते आणि दोन दगडांत किती फट राहील ते ठरवते. फट कमी तर पीठ बारीक आणि जातं जड, फट जास्त तर भरड. कडेच्या भोकात खुंटा, एका हाताने ओढायचा, दुसऱ्या हाताने घास घालायचा. घास जास्त झाला की जातं हलकं फिरतं पण पीठ जाडं पडतं. म्हणून घास थोडा आणि ठराविक फेऱ्यांनीच घालावा लागतो, आणि ओवीचा चरण त्याच फेऱ्यांवर बसतो. दगड गुळगुळीत झाला की तो दळत नाही, घासतो, मग टाकी लावून त्याला पुन्हा खरखरीत करतात. कुठल्याही वापरल्या गेलेल्या जात्याच्या तळीची कड पाहावी : टाकीच्या खुणा किती खोल, दगड किती झिजला, खुंट्याचं भोक कोणत्या बाजूला लांबलं आहे. त्या भोकाचा लांबट आकार ओढणाऱ्या हाताच्या दिशेला असतो.

आसोद्याला जायचं तर पाच-सहा किलोमीटर. हिवाळ्यात शेतावर काड्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत तिथेच खावं, दुपारी चारच्या आत. नंतर जाळ विझलेला असतो.